दुभाष्या आणि साक्षी : संत गोन्सालो गार्सिया यांच्या चरित्रपरंपरेचा विचार

१

संतचरित्र हा वाङ्मयप्रकार मराठीला परका नाही. महीपतीच्या ग्रंथांनी त्याची एक घडण निश्चित केली आणि पुढील दोन शतके ती टिकून राहिली. संताचे कुळ, त्याचे बालपण, गुरूची भेट, जनांनी केलेला छळ, देवाने केलेले रक्षण आणि शेवटी निर्याण, असा तिचा क्रम असतो. या घडणीत मृत्यू हा चरित्राचा शेवट होय. त्याचा अर्थ नव्हे. तुकोबांच्या निर्याणाविषयी श्रोत्यांच्या मनात कितीही कुतूहल असले, तरी तुकोबा संत ठरतात ते त्या घटनेमुळे नव्हे. निर्याणकथा वगळली तरी त्यांचे संतत्व तसूभरही उणे होत नाही.

ख्रिस्ती परंपरेतील हुतात्म्याच्या चरित्राची रचना याहून मूलतः निराळी आहे. तेथे मृत्यू हेच चरित्राचे कारण असते. तो मृत्यू घडला नसता, तर चरित्र लिहिलेच गेले नसते. चरित्रकार शेवटापासून आरंभाकडे येतो आणि आधीचे सारे आयुष्य त्या एका दिवसाची पूर्वतयारी म्हणून वाचतो. या पद्धतीचे एक सामर्थ्य आहे, तसाच एक धोकाही आहे. सामर्थ्य असे की, विखुरलेल्या आयुष्याला एक दिशा लाभते. धोका असा की, त्या दिशेत न बसणारे तपशील, आणि पुष्कळदा तेच त्या माणसाचे खरे वैशिष्ट्य असतात, गौण ठरून गळून पडतात.

वसईत जन्मलेले आणि जपानमध्ये नागासाकी येथे ५ फेब्रुवारी १५९७ रोजी क्रुसावर मृत्यू पावलेले गोन्सालो गार्सिया यांच्या चरित्रपरंपरेत हा धोका प्रत्यक्षात उतरलेला दिसतो. भारतात जन्मलेला पहिला संत म्हणून त्यांचा गौरव होतो. त्यांचे कुळ, त्यांचे रक्त आणि त्यांचा मृत्यू यांविषयी बरेच लिहिले गेले. मात्र ज्या कामामुळे ते त्या मृत्यूपर्यंत पोहोचले, ते दुभाष्याचे काम चरित्रकारांच्या लेखी एक किरकोळ नोंद होऊन राहिले. त्या नोंदीला चरित्राच्या केंद्रस्थानी आणल्यास काय दिसते, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

ज्ञात जीवनवृत्त थोडक्यात असे आहे. गोन्सालो यांचा जन्म १५५६च्या सुमारास वसईत झाला. परंपरा सांगते की वडील पोर्तुगीज सैनिक होते आणि आई वसईचीच होती. वसई १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांकडे आली होती आणि त्यांच्या उत्तरेकडील प्रदेशाचे ते मुख्य ठाणे बनत होते. कोटाच्या आत पोर्तुगीज चालत होती. कोटाबाहेरच्या वाड्यांतून आणि कोळीवाड्यांतून मराठीच्या किनारी बोली नांदत होत्या. तेथील जेझुइटांच्या शाळेत शिकून गोन्सालो वयाच्या पंधरा-सोळाव्या वर्षी त्यांच्याबरोबर जपानला गेले. सुमारे आठ वर्षे त्यांनी तेथे धर्मशिक्षकाचे काम केले आणि या काळात जपानी भाषा उत्तम रीतीने आत्मसात केली. जेझुइट संघात प्रवेश मिळावा ही त्यांची इच्छा मात्र सफल झाली नाही. पुढे ते व्यापारी झाले, चीनच्या किनाऱ्यावर फिरले आणि अखेर मनिला येथे १५८८च्या सुमारास फ्रान्सिस्कन संघात गृहबंधू म्हणून दाखल झाले. गृहबंधू म्हणजे दीक्षित असूनही धर्मगुरू नसलेला, मठातील कष्टाची कामे करणारा सदस्य.

१५९३ मध्ये फिलिपाइन्सच्या स्पॅनिश गव्हर्नराने पेद्रो बाउतिस्ता या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंना तोयोतोमी हिदेयोशीकडे वकील म्हणून पाठविले. त्या वकिलातीत जपानी जाणणारा माणूस म्हणून गोन्सालो यांची निवड झाली. तो प्रसंग नाजूक होता. १५८७ मध्ये हिदेयोशीने धर्मोपदेशकांना देश सोडण्याची आज्ञा दिलेली होती, पण ती कठोरपणे अमलात आलेली नव्हती. फिलिपाइन्सने आपले स्वामित्व मान्य करावे अशी त्याची मागणी होती. १५८५च्या पोपच्या आज्ञेने जपानमधील धर्मप्रसार जेझुइटांपुरता राखून ठेवलेला होता. त्यामुळे मनिलाहून आलेले फ्रान्सिस्कन हे तेथील जेझुइटांनाही नकोसे होते. एका बाजूस सत्ताधीशाची मागणी, दुसऱ्या बाजूस स्पेनच्या राजाची प्रतिष्ठा आणि तिसऱ्या बाजूस दोन धर्मसंघांची स्पर्धा, अशा तिहेरी ताणात प्रत्येक वाक्य एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेण्याची जबाबदारी वसईच्या या गृहबंधूवर होती. फ्रान्सिस्कनांना क्योटोत राहण्याची मुभा मिळाली. तेथे त्यांनी चर्च बांधले आणि कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालये चालविली. या सर्व व्यवहारात गोन्सालो हेच त्यांचे तोंड होते.

ऑक्टोबर १५९६ मध्ये मनिलाहून मेक्सिकोकडे निघालेले ‘सान फेलिपे’ हे मालाने भरलेले जहाज वादळात सापडून शिकोकू बेटावरील तोसा प्रांताच्या किनाऱ्याला लागले. हिदेयोशीच्या अधिकाऱ्यांनी त्यातील माल जप्त केला. स्पेनचा राजा आधी धर्मोपदेशक पाठवितो आणि मागून सैन्य, अशा अर्थाचे काही जहाजावरील सुकाणूवाला बोलून गेला, असे सांगितले जाते. ही कथा कोणी पसरविली यावरून जेझुइट आणि फ्रान्सिस्कन यांच्यात पुढे प्रदीर्घ वाद झाला. डिसेंबरमध्ये क्योटो व ओसाका येथे धरपकड झाली. ३ जानेवारी १५९७ रोजी क्योटोत कैद्यांचे डावे कान कापण्यात आले. निघताना ते चोवीस होते. वाटेत आणखी दोघांची त्यांत भर पडली. ऐन हिवाळ्यात सुमारे महिनाभर चालवून या सव्वीस जणांना नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर आणले गेले. त्यांत सहा परदेशी फ्रान्सिस्कन आणि वीस जपानी होते. त्या विसांपैकी तिघे जेझुइट संघाचे होते. १६२७ मध्ये पोप आठवे अर्बन यांनी त्यांना धन्य घोषित केले आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्यांची संतपदी प्रतिष्ठापना केली.

या घटनेच्या दोन जुन्या कथनांची तुलना उद्बोधक ठरेल. लुईश फ्रॉइश हे जेझुइट होते. त्यांनी त्याच वर्षी मार्चमध्ये आपला वृत्तांत पूर्ण केला आणि काही महिन्यांतच ते नागासाकी येथे मृत्यू पावले. मार्सेलो दे रिबादेनेइरा हे फ्रान्सिस्कन होते, जपानमध्ये गोन्सालो यांचे सहकारी होते आणि त्यांचा इतिहास १६०१ मध्ये बार्सिलोना येथे छापला गेला. दोघेही घटनेच्या अगदी जवळचे आहेत. पण दोघांनाही आपापल्या संघाची बाजू मांडावयाची आहे. चरित्रपरंपरेचा पहिला थर असा वादाच्या छायेत घडला, हे विसरून चालणार नाही.

३

त्यानंतरच्या थरात प्रश्न बदलला. गोन्सालो कोणत्या संघाचे, या प्रश्नाची जागा गोन्सालो कोणत्या रक्ताचे, या प्रश्नाने घेतली. याचे सर्वांत ठळक उदाहरण वसईपासून फार दूर, ब्राझीलमध्ये सापडते. पेर्नांबुको प्रांतातील रेसिफे येथे १७४५ मध्ये मिश्रवर्णीय लोकांनी, म्हणजे पोर्तुगीज ज्यांना ‘पार्दो’ म्हणत त्यांनी, गोन्सालो यांचा मोठा उत्सव केला. त्या प्रसंगी आंतोनियो दे सांता मारिया जाबोआतांव या फ्रान्सिस्कनांनी एक प्रदीर्घ प्रवचन दिले. ते १७५१ मध्ये लिस्बनला छापले गेले. धन्य गोन्सालो हे पार्दोंच्याच वर्णाचे होते, हे त्याचे प्रतिपाद्य होते आणि त्यासाठी वसईचा भूगोल, गोन्सालो यांची वंशावळ आणि मातेचे मूळ यांची तपशीलवार चर्चा त्यात केलेली आहे.

हे प्रवचन आज वाचताना त्यातील वंशविचाराची कुसर कृत्रिम वाटेल. परंतु त्यामागची गरज कृत्रिम नव्हती. मिश्र रक्ताच्या माणसाला पवित्रता शोभत नाही असे मानणाऱ्या समाजात, त्याच रक्ताचा एक मनुष्य वेदीवर विराजमान आहे, हे दाखवून देणे हा स्वत्वाचा हक्क मागण्याचा प्रकार होता. आलागोआस प्रांतातील पेनेदो येथे पार्दोंनी गोन्सालो यांच्या नावाने चर्चही उभारले. वर्णावरून नाकारलेल्यांनी वर्णावरूनच आपला संत शोधला, यात विसंगती आहे, पण दोष नाही.

याच काळात खुद्द वसईत काय घडत होते? मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या सैन्याने वसई घेतली आणि कोटातील पोर्तुगीज जीवन संपुष्टात आले. मठ ओसाड पडले आणि फ्रान्सिस्कन चर्चच्या केवळ भिंती शिल्लक राहिल्या. वसई पडल्यानंतर सहाच वर्षांनी रेसिफेत उत्सव झाला. जन्मभूमीतील कोट रिकामा झालेला असताना अटलांटिकच्या पलीकडे तिच्या नावाचा पुकारा होत होता.

आधुनिक काळात ‘पहिला भारतीय संत’ हे बिरुद आले. त्याची प्रेरणा निराळी असली, तरी त्याच्या विचाराची रीत तीच आहे. एकदा ही पदवी दिली की लगेच मातापित्यांचा हिशेब सुरू होतो. पिता पोर्तुगीज, तर भारतीयत्व निम्मे का? माता वसईची, तर ते पुरे का? रेसिफेच्या प्रवचनकाराने आणि आधुनिक गौरवकाराने उत्तरे वेगळी दिली. प्रश्न मात्र एकच विचारला. या प्रश्नात गोन्सालो यांनी स्वतः काय केले याला स्थानच उरत नाही. जन्म हा काही त्यांचा पराक्रम नव्हे. त्यांनी कमावलेली गोष्ट एकच होती, आणि ती म्हणजे भाषा.

४

दुभाष्याला पोर्तुगीज भाषेत जुन्या काळी ‘लिंग्वा’ म्हणत. या शब्दाचा मूळ अर्थ जीभ. गोव्याच्या राज्यकारभारात राज्याचा दुभाष्या हे एक मानाचे पद होते. मराठी शब्द दोन भाषांकडे पाहतो. पोर्तुगीज शब्द त्या भाषा बोलणाऱ्या अवयवाकडे पाहतो. पोर्तुगीज शब्द अधिक निर्दय आहे आणि एका अर्थी अधिक नेमकाही आहे. जिभेला स्वतःचे मत नसते. दुभाष्याच्या मुखातून निघणारे ‘मी’ हे सर्वनाम त्याच्याकडे निर्देश करीत नाही. राजा धमकी देतो तेव्हा धमकीचे शब्द दुभाष्या उच्चारतो. वकील नकार देतो तेव्हा नकाराचे शब्दही तोच उच्चारतो. प्रथम पुरुषाचा प्रयोग सर्वांत अधिक करणारा आणि त्यात स्वतः सर्वांत कमी असणारा, असा हा वक्ता होय.

साक्षीदाराची स्थिती याच्या नेमकी उलट आहे. त्याचा ‘मी’ त्याला दुसऱ्या कोणाला देता येत नाही. ग्रीक भाषेत ‘मार्तिस’ म्हणजे साक्षीदार. न्यायसभेतील या साध्या शब्दाला ख्रिस्ती समाजाच्या पहिल्या दोन शतकांत ‘साक्षीसाठी प्राण देणारा’ हा अर्थ चिकटला. अरबी ‘शहीद’ शब्दाची घडणही साक्ष देण्याच्या धातूपासूनच झालेली आहे. मराठीत या कल्पनेसाठी दोन शब्द वावरतात, ‘हुतात्मा’ आणि ‘रक्तसाक्षी’. आणि त्यांतील भेद केवळ शैलीचा नाही.

‘हुतात्मा’ हा सावरकरांनी रूढ केलेला शब्द. ज्याने स्वतःची आहुती दिली तो, असा त्याचा विग्रह. त्यामागील प्रतिमा यज्ञाची आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यानंतर तर हा शब्द मराठी माणसाच्या भूगोलातच जाऊन बसला. त्याचे तेज निर्विवाद आहे. पण आहुती मूक असते. हवन झालेल्या द्रव्याने काही बोलावे अशी अपेक्षा नसते. ज्याच्यासाठी हवन झाले ते कार्य महत्त्वाचे.

‘रक्तसाक्षी’ हा ख्रिस्ती मराठीतील शब्द. तो बोलण्याच्या क्रियेवर उभा आहे. ‘साक्षी’ म्हणजे प्रत्यक्ष पाहणारा, हा अर्थ पाणिनीपासून चालत आला. पुढे वेदान्ताने या शब्दाला एक वेगळे वळण दिले. तेथे साक्षी हा पाहणारा, पण न गुंतणारा; सुखदुःखांपासून अलिप्त. मराठी संतवाङ्मयात साक्षिभूत आत्म्याचा जो उल्लेख येतो तो याच अर्थाने. आता ख्रिस्ती साक्षीदार हा तर अलिप्त नव्हे. तो प्राणांतापर्यंत गुंतलेला. केवळ ‘साक्षी’ म्हटले असते, तर मराठी कानाला अलिप्ततेचा सूर ऐकू आला असता. ‘रक्त’ हे पूर्वपद तो सूर मोडून काढते. या समासाने वेदान्ताचा शब्द उसना घेतला आणि त्याला जमिनीवर आणले. मलयाळममध्येही हाच समास आहे. तेथे तो चर्चच्या बाहेर पडून राजकीय चळवळींतील मृतांनाही लागू झाला. मराठीत मात्र ते क्षेत्र ‘हुतात्मा’ शब्दाने व्यापले आणि ‘रक्तसाक्षी’ एका समाजाच्या प्रार्थनेपुरता राहिला.

गोन्सालो यांना कोणता शब्द अधिक साजतो, याचे उत्तर आता अवघड नाही. ज्याने बरीच वर्षे दुसऱ्यांचे शब्द दुसऱ्यांपर्यंत नेले, त्याने आपला स्वतःचा शब्द उच्चारला तो निशिझाकाच्या टेकडीवर. दुभाष्याचा ‘मी’ तेथे प्रथमच त्याचा स्वतःचा झाला. क्रुसावर जाणारी ती जीभ आता कोणाचीही वकिली करीत नव्हती. हे हवन नव्हते. ही साक्ष होती.

याच संदर्भात जुआंव रॉद्रिगिश यांची आठवण होते. ते जेझुइट होते, हिदेयोशीच्या दरबारातील दुभाषी होते आणि ‘त्सुझु’ म्हणजे दुभाष्या याच उपनामाने ओळखले जात. पुढे १६०४ ते १६०८ या काळात त्यांचे जपानी भाषेचे मोठे व्याकरण नागासाकी येथे छापले गेले आणि भाषाशास्त्राच्या इतिहासात त्यांना स्थान मिळाले. गोन्सालो यांच्या मृत्यूच्या वेळी ते त्या टेकडीवर उपस्थित होते. एकाच भाषेचे, एकाच काळाचे दोन दुभाषी. एकाने ग्रंथ मागे ठेवला. दुसऱ्याचे ज्ञान त्याच्याबरोबर गेले. भाषाशास्त्राचा इतिहास ग्रंथकर्त्यांची नोंद घेतो, आणि ते स्वाभाविकच आहे. पण भाषांचा प्रत्यक्ष संपर्क बहुधा गोन्सालोंसारख्या, काहीही न लिहिणाऱ्या माणसांच्या मुखातून घडत असतो.

५

हुतात्म्याचा सण त्याच्या मृत्यूच्या दिवशी करावा, कारण तो त्याचा स्वर्गातील जन्मदिवस होय, असा चर्चचा प्राचीन संकेत आहे. पुण्यतिथीला संतांचे स्मरण करणाऱ्या मराठी मनाला तो सहज समजण्यासारखा आहे. ५ फेब्रुवारीला आगाथा या प्राचीन हुतात्म्या संत स्त्रीचा सण असल्याने १९६९च्या रोमन दिनदर्शिकेत नागासाकीच्या हुतात्म्यांसाठी ६ फेब्रुवारी हा दिवस नेमला गेला. त्या दिवसाचे नाव आहे ‘पॉल मिकी आणि सोबती’. फ्रान्सिस्कन परंपरेत हाच सण ‘पेद्रो बाउतिस्ता आणि सोबती’ या नावाने चालत आला. जेझुइटांनी आपला मनुष्य पुढे ठेवला, फ्रान्सिस्कनांनी आपला. दोन्ही नावांत गोन्सालो ‘सोबती’ या शब्दात सामावलेले आहेत. हे एका परीने उचितही म्हणता येईल, कारण दुभाष्याचे स्थान नेहमी दुसऱ्या कोणाच्या तरी बाजूला असते.

वसईत मात्र हा क्रम उलटतो. तेथे गास येथे गोन्सालो यांच्या नावाचे चर्च आहे आणि त्यांचा सण नाताळानंतरच्या पहिल्या पौर्णिमेला जवळ पडणाऱ्या रविवारी साजरा होतो. ही कालगणना लक्षणीय आहे. नाताळानंतरची पहिली पौर्णिमा मार्गशीर्षाची तरी असते किंवा पौषाची. म्हणजे हा सण ५ फेब्रुवारीच्या बराच आधी येतो. मृत्यूचा दिनांक सौर, सणाचा दिवस चांद्र. वीज नसलेल्या काळात चांदण्या रात्री गावोगावच्या लोकांना परतण्याची सोय होई, हे कारण सहज सुचते. परंतु सोयीपलीकडेही काही आहे. पौर्णिमेवरून सण ठरविणे ही या किनाऱ्याची जुनी सवय. ईस्टरचा रविवार ठरविताना चर्चही पौर्णिमेचाच आधार घेते. तेव्हा वसईचा हा सण चर्चच्या नियमाशी फटकून नाही आणि गावाच्या पंचांगाशीही नाही. दोन कालगणनांच्या मधोमध तो उभा आहे. दुभाष्याच्या सणाने अन्यत्र कोठे उभे राहावे?

सण हा स्थळाचा असतो, ही गोष्ट कृष्णाकाठच्या वाचकाला निराळी सांगावयास नको. वाईत कृष्णाबाईचा उत्सव एकाच दिवशी सर्व गावाचा होत नाही. तो एका घाटानंतर दुसऱ्या घाटावर क्रमाने होतो. नदी एकच, पण प्रत्येक आळीला तिच्याशी आपले नाते आपल्या दिवशी सांगावयाचे असते. रोमच्या दिनदर्शिकेतील ६ फेब्रुवारी आणि गासची पौर्णिमा यांचे नाते काहीसे असेच आहे. पहिल्या दिवशी सव्वीस जणांचे एकत्र स्मरण होते. दुसऱ्या दिवशी एक गाव आपल्या माणसाला सोबत्यांमधून वेगळे काढून नावाने हाक मारते.

ही हाक कोणत्या भाषेत मारली जाते, हेही पाहिले पाहिजे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये उपासनेत लोकभाषांना वाट मोकळी करून दिली. तोपर्यंत वेदीवरील भाषा लॅटिन होती. त्यानंतर वसईच्या चर्चमधून मराठी मिस्सा सुरू झाली. जुन्या काळातही मराठीला हुतात्म्याचे चरित्र अपरिचित नव्हते. गोन्सालो यांना धन्य घोषित केल्यानंतर दोनच वर्षांनी, १६२९ मध्ये, एत्येन द ला क्रुआ या फ्रेंच जेझुइटांचा संत पेत्राच्या जीवनावरील मराठी ओवीबद्ध ग्रंथ गोव्यात छापला गेला. परंतु त्या ग्रंथाला परधर्माचे खंडनही साधावयाचे होते. त्यातील मराठी ही समोरच्याला निरुत्तर करण्यासाठी उचललेली भाषा आहे. गासच्या सणातील मराठी कोणाचेही खंडन करीत नाही. ती घरच्या माणसाविषयी घरच्या माणसांनी बोललेली भाषा आहे. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा एक मोठा प्रवास या दोन टोकांत सामावलेला आहे.

६

चित्रपरंपरेबद्दल एक शब्द लिहिणे अवश्य आहे. पुष्कळ चित्रांत या सव्वीस जणांना खिळ्यांनी ठोकलेले दाखवितात. वस्तुतः जपानी पद्धतीप्रमाणे त्यांना लोखंडी कड्यांनी आणि दोरांनी क्रुसाला जखडले होते आणि मग दोन्ही बाजूंनी भाले भोसकले होते. खिळे हे ख्रिस्ताच्या क्रुसावरून आलेले आहेत. चित्रकाराचे हे भाषांतर भक्तीच्या दृष्टीने समजण्याजोगे असले, तरी भाषांतर म्हणून ते चुकीचे आहे. अर्थ सुलभ व्हावा म्हणून त्याने मूळच बदलले. १९६२ मध्ये संतपदाच्या शताब्दीनिमित्त निशिझाका येथे उभारलेल्या स्मारकात शिल्पकार यासुताके फुनाकोशी यांनी दुसरा मार्ग पत्करला. सव्वीस काशाच्या मूर्ती एका ओळीत आहेत. त्यांचे पाय जमिनीला टेकलेले नाहीत आणि देहावर खिळे नाहीत. वेदनेचे प्रदर्शन टाळून त्यांनी साक्षीचा क्षण तेवढा ठेवला.

मराठी चरित्रकाराला यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. गोन्सालो यांना वंशाच्या हिशेबात बसविणे, त्यांच्या मृत्यूला ठरीव चमत्कारांची कोंदणे घालणे, त्यांना राष्ट्रीय पदवी देऊन मोकळे होणे, हे सर्व मार्ग वापरून झालेले आहेत. त्यांपैकी एकही सर्वथा खोटा नाही; रेसिफेच्या पार्दोंना वंशाच्या मार्गानेच आपला संत भेटला. परंतु त्या सर्वांत एक माणूस दिसेनासा होतो. तो वसईच्या शाळेतून निघाला, ज्या संघात जाण्याची इच्छा होती तेथे त्याला प्रवेश मिळाला नाही, तरीही तेथे कमावलेली भाषा त्याने टाकून दिली नाही, आणि तीच भाषा त्याला दुसऱ्या संघाच्या सेवेत आणि अखेर टेकडीवर घेऊन गेली.

संतचरित्राची मराठी घडण आयुष्यात अर्थ शोधते आणि हुतात्म्याच्या चरित्राची ख्रिस्ती घडण मृत्यूत. गोन्सालो यांचे चरित्र या दोन्ही घडणी जाणणाऱ्या लेखकाची वाट पाहात आहे. असा लेखक मराठीत होणे अशक्य नाही. कारण ज्या समाजात रोमची तारीख आणि गावची पौर्णिमा हे दोन्ही दिवस कोणताही वाद न करता पाळले जातात, तो समाज दोन भाषांत राहण्याची कला फार पूर्वी शिकलेला आहे.